बाईंचा ख

आमच्या खोलीला संस्थेत सगळे धुणीघर म्हणतात. दारावर 'विदा शुद्धीकरण कक्ष' अशी पाटी आहे, पण ती वाचून आजवर एकही माणूस या दारात मुद्दाम शिरलेला नाही. काम धुण्याचंच आहे. शेजारच्या ग्रहावर आमचं एक यंत्र जाऊन बसलंय. ते तिथली माती उकरतं, चिमूटभर माती पाण्याच्या वाटीत टाकतं, आणि वाटीत बुडवलेल्या चार कांड्या सांगतात की पाण्यात काय उतरलं, आंबटपणा किती, खार किती. दर चार सेकंदांनी एक आकडा. यंत्रातला हीटर लागला की आकडा उडतो, वाटी ढवळणारी मोटर फिरली की थरथरतो, थंडी वाढली की घसरत जातो. त्यातलं मातीचं बोलणं कुठलं आणि यंत्राची बडबड कुठली, ते निवडून काढायचं. त्यासाठी संस्थेने दिलेली सामग्री म्हणजे एक खोली, दोन टेबलं, थप्पड मारल्यावर फिरणारा एक पंखा, मी आणि चाळणबाई.

मला या कामाची किळस होती, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्गात संगणकाची पदवी घेतली ती काय एका बाईने पेन्सिलीने केलेल्या खुणा बघून बटणं दाबायला? पण वाट्याला आलं ते हेच. बाई छापील कागदावर खुणा करायच्या, मी त्या खुणा संगणकात भरायच्या. प्रोग्रामला जो आकडा संशयास्पद वाटेल त्याच्यापुढे तो आपोआप चांदणी छापायचा. ती चांदणी खरी की खोटी, हे बाई ठरवणार. प्रोग्राम मी लिहिलेला होता, तरीही बाई ठरवणार. माझं काय व्हायचं ते तुम्हीच समजून घ्या.

चाळणबाई हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण त्यांना ते आवडायचं. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक. हुद्दा 'मदतनीस (तात्पुरती)', आणि हे तात्पुरतेपण बावीस वर्षं चाललेलं. दरवर्षी एक कागद यायचा की यांना आणखी वर्षभर ठेवावं. बाई तो कागद घडी करून डब्याच्या पिशवीत टाकायच्या आणि पुन्हा पट्टी घेऊन बसायच्या. लाकडी पट्टी आकड्यांच्या ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, पट्टी एक ओळ खाली सरकवायची. दिवसभर हेच. मी समोर बसून मनात म्हणायचो, संपलं रे बाबा, हिच्यात आणि तांदूळ निवडणाऱ्या बाईत फरक तो काय.

चार कांड्यांना त्यांनी नावं ठेवली होती. थोरली, मधली, जाऊ आणि धाकटी. थोरली थंडीत रुसते, म्हणजे गारठा वाढला की चुकीचं बोलते. मधली हीटर लागला की अंगात आल्यासारखी करते. जाऊ दुसऱ्याचं ऐकून बोलते, म्हणजे शेजारच्या कांडीचा झटका तिलाही लागतो. आणि धाकटी कधी खोटं बोलत नाही, पण घरात तिचं कुणी ऐकत नाही. हे मला पहिल्या आठवड्यात गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत चार जणांना नक्कल करून दाखवली, सगळे पोट धरून हसले. बाईंच्या कानावर ते गेलं. तेव्हापासून त्या मला शहाण्या म्हणू लागल्या. अरे शहाण्या, ती खिडकी लाव. मी त्याचा सरळ अर्थ घेत होतो, एवढा मी शहाणा.

त्यांचं आयुष्य सांगायचं तर एका कागदात मावेल. वडील छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे. आई लवकर गेली. भाऊ दूर जाऊन राहिला, तिथून फोनवर सल्ले पाठवतो. बाई शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागल्या आणि तिथून इथे आल्या. लग्न झालं होतं, दोन वर्षं टिकलं. का मोडलं, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं, तर पट्टीवरची नजर न उचलता म्हणाल्या की ते फार गुळगुळीत बोलायचे. मी तेही नक्कल करायला जपून ठेवलं.

आता खुणांचं सांगतो, कारण सगळं पुढे त्यावरच आलं. बाईंची पद्धत दोन अक्षरांची. कचरा असेल तर क, खरं असेल तर ख. बालवाडीतलं पोरही चुकणार नाही. पण हे इस्त्रीला खपलं नाही. इस्त्री म्हणजे आमचे मोठे साहेब. आम्ही धुणीघर, म्हणून ते इस्त्री, शिवाय त्यांना आलेखावर सुरकुती चालत नाही. रेघ कशी गुळगुळीत हवी, पाहुण्यांना दाखवता आली पाहिजे. यंत्राने कोट्यवधी कोस लांबून पाठवलेल्या आकड्याला कचरा म्हणणं संस्थेला शोभत नाही, असं त्यांचं मत पडलं. मग परिभाषा समिती बसली. तीन विद्वान अकरा महिने बसले, चहा प्यायले आणि शब्द काढला 'रव'. रव म्हणजे आवाज, गलका. परिपत्रक निघालं की यापुढे नको असलेल्या आकड्यापुढे 'रव' लिहावं, बाकी जागा कोरी सोडावी. क रद्द, ख रद्द.

बाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं. क सोडून दिला आणि निमूटपणे रव लिहू लागल्या. ख मात्र सोडला नाही. कोरी जागा म्हणजे मी बघितलंच नाही असं कुणी म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. चांदणी पडलेला आकडा खरा असेल तर त्याच्यापुढे ख पडलाच पाहिजे. हे त्यांनी मला सांगितलं होतं का? सांगितलं असेल. मी त्यांचं बोलणं ऐकत होतो कुठे? मला एकच नियम पाठ होता. रव दिसला की ओळ उडवायची.

तर त्या दिवशी तिसऱ्या वाटीचे कागद माझ्या टेबलावर आले. माती पाण्यात पडल्यापासून चौदा मिनिटं धाकटीचे आकडे एकदम चढले होते आणि मग सावकाश उतरले होते. दर चार सेकंदांना एक, म्हणजे दोनशे दहा आकडे. थोरली, मधली आणि जाऊ तिघी गप्प. प्रोग्रामने दोनशे दहा चांदण्या छापल्या होत्या, आणि प्रत्येक चांदणीपुढे बाईंच्या पेन्सिलीचं अक्षर होतं. मी वाचलं रव. रव, रव, रव, पाच पानं रव.

इथे मी जरा थांबलो होतो. हे मी नंतर कुणालाच सांगितलं नाही, पण थांबलो होतो. दहा-बारा आकडे उडवणं निराळं, बाईंनी सलग दोनशे दहा कधी उडवले नव्हते. बाई असं एकदम चढून सावकाश उतरणारं काही कचऱ्यात टाकतील, हे मलाही पटेना. बाई चार हातांवर बसल्या होत्या. मान वळवून विचारायचं, एवढंच. पण मला आनंद झाला होता. चला, म्हटलं, बाईंनी एकदाची माती खाल्ली. चुकू दे. एकदा तरी हिची पट्टी चुकू दे. मी दोनशे दहा ओळी उडवल्या, प्रोग्रामने त्या जागी सरळ रेघ ओढली, आणि मी जेवायला गेलो.

इस्त्रीला ती रेघ फार आवडली. त्यांनी अहवाल लिहिला की त्या ग्रहावरची माती पाण्यात पडूनही काही बोलत नाही, ती मुकी आहे. मोठ्या सभागृहात भाषण झालं. पडद्यावर माझी सरळ रेघ, आणि साहेब हातातली काठी तिच्यावरून फिरवत होते. 'मुकी माती' हा शब्द त्यांना इतका आवडला की भाषणात नऊ वेळा आला, मी मोजला. बाईंना बोलावलं नव्हतं. धुणीघराला कुणी बोलावत नाही.

सात महिन्यांनी दुसऱ्या कुठल्याशा संस्थेतल्या लोकांनी यंत्राचे मूळ आकडे, जे कुणालाही मागता येतात, ते मागून घेतले आणि स्वतः धुतले. त्यांना ती चौदा मिनिटं सापडली. माती मुकी नव्हती, पाण्यात पडताच त्यातला खार एकदम सुटला होता. त्यांनी ते छापलं, आणि शेवटी अगदी सभ्यपणे लिहिलं की आधीच्या अहवालात हे आकडे कसे गळले याचा उलगडा होत नाही. त्या सभ्यपणाने इस्त्रीच्या अंगाची लाही झाली. नऊ वेळा मुकी म्हटलेली माती सगळ्या जगासमोर बोलत होती.

त्यांनी मला बोलावलं. आकडे कुणी उडवले? मी बाईंचे कागद पुढे ठेवले. साहेबांनी पाचही पानं पाहिली. जिथे तिथे रव. प्रश्न मिटला. बाई त्या आठवड्यात सुट्टीवर होत्या, वडिलांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. हे तर आणखी बरं झालं, समोर कुणी बोलायला नको. साहेब म्हणाले, बाईंकडून लेखी खुलासा घ्या. तो आला की महिनाअखेर त्यांना मोकळं करू, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या बावीस वर्षांच्या नोंदवह्या रद्द करू. कारण जी बाई दोनशे दहा आकड्यांत चुकते तिच्या बाकीच्यांचा काय भरवसा? खुलासा तुम्हीच लिहा, असंही म्हणाले, बाईंना भाषा कुठली.

मी लिहिला. पाच ओळींचा. तिसऱ्या वाटीचे दोनशे दहा आकडे मी रव ठरवले. ते तपासताना मी पुरेशी काळजी घेतली नाही. वाढत्या वयामुळे माझ्या नजरेत दोष आला आहे. माझ्या आधीच्या नोंदवह्या ग्राह्य धरू नयेत. या चुकीला दुसरं कुणीही जबाबदार नाही. तिसरी ओळ साहेबांनी सांगितली नव्हती, ती माझी. मला ती फार समर्पक वाटली होती. वर तारीख घातली, खाली सहीला जागा सोडली, पुरावा म्हणून बाईंच्या पहिल्या पानाची छायाप्रत घेतली आणि निघालो.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिन्यात शिलाईच्या दुकानातून मशिनीचा आवाज येत होता. बाहेरच्या खोलीत पलंगावर अप्पा, म्हणजे बाईंचे वडील, एका डोळ्यावर पट्टी लावून बसले होते. दुसऱ्या डोळ्याने आधीच दिसत नव्हतं. शहाऐंशी वर्षांचा माणूस, पण बसणं ताठ. कोण आलंय, असं त्यांनी विचारलं. शहाणा आलाय, असं आतून उत्तर आलं. घरातसुद्धा माझं हेच नाव.

बाईंनी पाणी दिलं आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. मी कागद दिला. त्यांनी कोपऱ्यातली पट्टी उचलली, पहिल्या ओळीखाली धरली आणि वाचू लागल्या. दुसऱ्याची फजिती बघायला मला नेहमी आवडत आलंय, पण त्या पट्टीमुळे मला कुठे बघावं ते कळेना. शेवटच्या ओळीपर्यंत पट्टी एका चालीने सरकत गेली. तिसऱ्या ओळीवर पट्टी जरा जास्त थांबली, एवढंच.

"मी ख लिहिला होता," त्या म्हणाल्या.

मी छायाप्रत पुढे केली. म्हटलं, हे तुमचंच अक्षर ना? रव, रव, रव. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की धाकटीचं कुणी ऐकत नाही हे सांगताना त्यांनी माझ्यात काय पाहिलं असेल ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, रागाने नाही, पहिल्या आठवड्यात कांड्यांची नावं सांगितली होती तसंच. हीटरमुळे आकडा उडाला तर तो कलत चढतो आणि हीटर बंद झाला की धाडकन पडतो. हा धाडकन चढला आणि सावकाश उतरला. ढेकूळ पाण्यात टाकलं की विरघळायला वेळ लागतो तसा. असल्या आकड्याला मी रव म्हणेन का? मी आपला कागदाकडे बोट दाखवत बसलो. कागदावर तर रवच होतं.

"तिचा ख जोडलेला नसतो," पलंगावरून अप्पा म्हणाले.

मला काही कळलं नाही. त्यांनी उशाशी हात घातला आणि एक चपटी लाकडी पेटी काढली. आत कप्पे, कप्प्यांत शिशाचे खिळे. डोळ्यावर पट्टी असलेला तो म्हातारा बोटांनी कप्पे चाचपत गेला आणि एक खिळा उचलून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. अक्षर उलटं होतं, पण अंगठ्याला लागलं. एक र, त्याला चिकटूनच व, वर एकच रेघ. पायांशी दोघांची गाठ नाही. हा ख, अप्पा म्हणाले, एक खिळा, दोन नाहीत. रव असता तर दोन खिळे लागले असते आणि मध्ये फट पडली असती. पुढे वरून फतवा निघाला की या अक्षराचे पाय खालून जोडा, लोक चुकतात. का चुकतात? अप्पांच्या छापखान्यात एकाने औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी जुळवली होती, 'जेवणानंतर दोन गोळ्या रवा'. हस्तलिखितात खा होता, त्याने वाचला रवा. मालकाने विचारलं तेव्हा म्हणाला, मला वाटलं काहीतरी असेल. अप्पा म्हणाले, चूक अक्षराची नव्हती. त्याला शंका आली होती आणि विचारायला तोंड नव्हतं. म्हाताऱ्याने हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. त्याला मी दिसतही नव्हतो.

बाईंना अक्षरं अप्पांनी या पेटीवरून शिकवली होती. त्यांना आजवर वाटत आलं की रव आणि ख यांच्यात फरक न दिसणारा माणूस असूच शकत नाही. फट आहे की नाही, बघितलं की झालं.

मला तेव्हा सगळं कळलं होतं. दोनशे दहा ख माझ्या डोळ्यांसमोर नाचत होते. पाया पडायला हवं होतं, निदान तो खुलासा फाडायला हवा होता. मी काय केलं? घसा खाकरला आणि म्हणालो, साहेबांना मी सांगून बघतो, पण तूर्तास सही करून ठेवा, नाहीतर उगाच वाढेल. असलं बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. स्वतःची इतकी घाण मला कधी वाटली नव्हती, आणि तरी मी पेन पुढे धरूनच बसलो होतो.

बाईंनी पेन घेतलं नाही. केसांवर अडकवलेला चष्मा खाली ओढला, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि पुन्हा पट्टी लावली. पहिल्या ओळीपुढे खूण केली, पट्टी सरकवली. दुसरी ओळ, खूण. तिसरी, चौथी, पाचवी. मग वरच्या तारखेपुढे एक खूण. सही केली नाही. कागद मला परत दिला.

"हे नीट भर," म्हणाल्या, आणि अप्पांच्या डोळ्यात औषध घालायला उठल्या.

मी रस्त्यातच कागद उघडून पाहिला. पाचही ओळींपुढे रव होतं. तारखेपुढे ख. त्या कागदातली तारीख तेवढी खरी होती.

साहेबांकडे जाईपर्यंत माझं ठरलेलं होतं. गप्प बसायचं. बाईंनी सही नाकारली, असं सांगायचं, पुढचं साहेब बघतील. मी कुणी शूरवीर नव्हे. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो जवळ घेतला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला. मग हसले. त्यांचं ते हसू मला ओळखीचं होतं, जेवणाच्या सुट्टीत मी नक्कल करायचो तेव्हा माझ्या तोंडावर असायचं तेच.

"बाई कामातून गेल्या," ते म्हणाले. "आजच्या तारखेलासुद्धा रव लिहिलंय."

माझं काय झालं ते सांगतो. माझी सदसद्विवेकबुद्धी वगैरे काही जागी झाली नाही. मला नुसती शिसारी आली. हा इस्त्री केलेला माणूस, ज्याला मी आयुष्यात कधी हुशार म्हटलं नाही, ज्याच्या मुक्या मातीवर मी पोटभर हसलो, तो अगदी तंतोतंत माझ्यासारखा चुकत होता. तेच अक्षर, तीच घाई, तोच आनंद. आजच्या तारखेला कुणी कचरा कसं म्हणेल, हे विचारायचंसुद्धा त्याच्या मनात आलं नाही, कारण बाई चुकल्या याचंच त्याला बरं वाटलं होतं. माझ्यात आणि त्याच्यात फरक राहिला नव्हता आणि ते मला सहन होईना.

"तो ख आहे, साहेब," मी म्हणालो. "मीही असंच वाचलं होतं. दोनशे दहा वेळा."

पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. साहेबांनी पाच पानं पुन्हा मागवली, भिंग मागवलं, परिभाषा समितीतल्या एका विद्वानाला बोलावलं. विद्वानाने भिंगातून पाहिलं आणि मान्य केलं की फट नाही. ख रद्द झाला असताना लिहिलाच का, असा मुद्दा साहेबांनी मांडून पाहिला, पण विद्वान म्हणाला की रद्द अक्षरालासुद्धा दुसरं अक्षर म्हणता येत नाही. अकरा महिने चहा प्यायला, त्याचं तेवढं चीज झालं. नोंदवह्या रद्द होण्यातून वाचल्या. बाईंचा वर्षभराचा कागद निघाला, नेहमीसारखाच तात्पुरता. संस्थेने त्या दुसऱ्या संस्थेला दोन ओळींचं पत्र पाठवलं, त्यात बाईंचा उल्लेख नव्हता आणि साहेबांचा दोनदा होता. आणि मला सांगितलं की आता तुमचा खुलासा लिहा, त्यावर बाईंची सही घ्या, म्हणजे त्यांचीही तक्रार राहणार नाही.

सोमवारी बाई आल्या. पंख्याला थप्पड मारली, डबा खिडकीत ठेवला, पेन्सिलीला टोक केलं. अप्पांना आता वरच्या खिडकीतून रस्ता दिसतो, एवढं सांगितलं. मी माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला. या वेळी चारच ओळी होत्या, आणि त्या लिहायला मला दोन दिवस लागले होते. बाईंनी दोनशे दहा आकड्यांपुढे ख लिहिला होता. मी तो रव वाचला. मी बाईंना विचारलं नाही. हे माझ्याकडून अनवधानाने घडलं.

त्यांनी पट्टी लावली. पहिल्या ओळीपुढे ख. पट्टी खाली. दुसऱ्या ओळीपुढे ख. तिसऱ्या ओळीवर त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं नाही, ख लिहिला. मग चौथी ओळ. चार हातांवर बसलेल्या बाईंना त्या दिवशी माझं थांबणं दिसलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी आधी र लिहिला. मग चांगली बोटभर जागा सोडली, आणि मग व लिहिला. मलासुद्धा वाचता यावा म्हणून.

खाली सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि चौथ्या वाटीचे आकडे पुढे ओढले. मी संगणक उघडला आणि खुलासा पुन्हा वाचला. रव दिसला की ओळ उडवायची असते. मी उडवली.